गावाच्या डोक्यावरचा बांध

(रावेर येथे शेतकरी, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



पावसाळा लागला की आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत एक बातमी ठरलेली असते. हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडले, तापीत इतका विसर्ग सोडला, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला. एक्केचाळीस दरवाजांपैकी आज किती उघडे आहेत, हे आपल्या घरातील शाळकरी मुलालाही सांगता येते. त्यात गैर काहीच नाही. तापीकाठाने राहणाऱ्याला ते ठाऊक असलेच पाहिजे. पण आपल्या गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जो मातीचा बांध आहे, त्याच्या सांडव्यावरून काल रात्री किती पाणी गेले, त्याच्या पायथ्याचा पाझर वाढला की कमी झाला, हे कोणाला विचारायचे? त्या बांधाला बहुधा नावही नसते. ‘वरचा तलाव’ किंवा ‘दुष्काळातला तलाव’ एवढीच त्याची ओळख. त्याला दरवाजे नाहीत, म्हणून बातमी नाही. आणि चौकीदार तर नाहीच नाही. मोठ्या धरणांवर बोलणारे पुष्कळ आहेत, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही. मला आज या अनाम बांधांविषयी बोलायचे आहे.

रावेर तालुक्याची ठेवण आपण रोज पाहतो, म्हणूनच कदाचित नीट पाहत नाही. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला तापीचे पात्र आणि या दोहोंमध्ये केळीच्या बागांचा सपाट पट्टा. सुकी, भोकर, नागझिरी या आपल्या नद्या डोंगरातून उतरतात आणि मोजक्या कोसांत तापीला मिळतात. त्यांचा प्रवास आखूड आणि उतार तीव्र. पालच्या डोंगरांत रात्री पाऊस कोसळला तर सपाटीवरच्या माणसाला आकाशात चांदणे दिसत असतानाही नाल्याला लोंढा येऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये सातपुड्यातील अतिवृष्टीने नागझिरीचे पाणी रावेर शहराच्या वस्तीत शिरले आणि जीवितहानीही झाली, हे आपण विसरलेला नाहीत. तापीचा पूर सांगून येतो, डोंगरनाल्याचा पूर न सांगता येतो.

अशा पुरावर उपाय म्हणून जगभर जो मार्ग सांगितला जातो, तो म्हणजे नाल्यांच्या माथ्याशी छोटे छोटे माती बांध घालणे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात क्लाऊड क्रीक नावाच्या ओढ्यावर १९४८ मध्ये असा पहिला बांध पुरा झाला आणि पुढच्या काही दशकांत त्या देशाच्या ग्रामीण भागात शासन व शेतकरी यांनी मिळून असे ११ हजारांहून अधिक बांध उभे केले. त्यांची युक्ती साधी आहे. बांधाच्या पोटातून एक नळ काढलेला असतो. पूर आला की पाणी बांधामागे तुंबते आणि त्या नळातून संथपणे, कित्येक दिवसांत, खाली उतरते. जो लोंढा दोन तासांत गावावर चालून आला असता, तो आठवडाभराच्या प्रवाहात पांगतो. पूर ओसरला की बांधामागची जागा पुन्हा मोकळी.

मोकळी, हा यातला कळीचा शब्द आहे. थोडे गणित करू. मी कला शाखेचा पदवीधर. पण हे गणित माझ्यासारख्यालाही जमते. नाल्याचे पाणलोट पाच चौरस किलोमीटर धरा. त्यावर काही तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील निम्मा वाहून निघाला, तर नाल्यात अडीच लाख घनमीटर, म्हणजे २५ कोटी लिटर पाणी येईल. वरचा पाझर तलाव एक लाख घनमीटरचा असेल आणि त्या दिवशी रिकामा असेल, तर तो एकटा दहा कोटी लिटर पोटात घेईल. गावापुढचे संकट जवळपास निम्म्यावर येईल. तोच तलाव भरलेला असेल तर? सांडव्यावरून जाताना पाणी थोडे थोपेल, तेवढेच. म्हणजे मृगाच्या पावसात जो तलाव गावाचा रक्षक असतो, तोच भाद्रपदात केवळ साक्षीदार उरतो. आणि बांध जीर्ण असेल, तर साक्षीदारही नव्हे, आरोपी.

येथे शेतकरी बांधवांचा एक न्याय्य आक्षेप येतो. ‘आम्हाला तलाव भरलेला हवा. विहिरींना पाणी त्याचेच येते. तुम्ही तो रिकामा ठेवा म्हणता!’ रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षे बदनाम आहेत. केळीला पाणी लागते आणि नळकूपांची खोली दर पिढीत वाढत गेली आहे. तेव्हा हा आक्षेप उडवून लावता येत नाही. पण निसर्गाने या भूमीला एक देणगी दिली आहे, आणि तिचे मोल अन्यत्रच्या लोकांना कळते तितके आपल्याला कळत नाही. सातपुड्यातून उतरणाऱ्या प्रवाहांनी हजारो वर्षे आणून टाकलेले दगडगोटे, रेती, वाळू यांचा एक पट्टा पायथ्याशी पसरला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. पाण्यासाठी तो जणू चाळणी आहे. केंद्रीय भूजल मंडळाने १९९० च्या दशकात शेजारच्या यावल तालुक्यात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले, ते याच गुणधर्माच्या आधारावर. पाझर तलाव, नालाबांध, पुनर्भरणाची विवरे, जुन्या विहिरींत पाणी सोडणे असे नाना उपाय तेथे पारखले गेले. येथे बांधलेला तलाव, त्याच्या तळाशी गाळाचा थर बसू दिला नाही तर, पाणी झपाट्याने जमिनीत उतरवतो आणि पुढच्या पावसासाठी स्वतःहून मोकळा होतो. विहिरीला पाणी आणि गावाला संरक्षण, ही दोन्ही कामे एकच तलाव करू शकतो, असे प्रदेश महाराष्ट्रात फार थोडे आहेत. काळ्या पाषाणावरच्या मराठवाड्यातील तलावाला हे सुख नाही.

मात्र गाळ काढला तरच. गाळाने तळ लिंपला की तलाव भरलेलाच राहतो; पाणी दिसते म्हणून आपण समाधानी असतो, आणि विहिरी मात्र कोरड्या. दिसणाऱ्या पाण्यावर आपले फार प्रेम!

आता धोक्याकडे वळतो. ज्या जमिनीत पाणी सहज मुरते, त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या बांधाखालून पाणी सहज निसटूही शकते. त्यासाठी माती बांधाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. बांधाच्या मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. पाणी अडवण्याचे काम त्याचे. त्याच्या दोन्ही अंगांना मुरूम-मातीचे कवच. हे कवच गाभ्याला उभे धरते. गाभ्याच्या खाली पाया खंदक खणून तो चिकण मातीने भरलेला. पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग, म्हणजे लाटांनी माती खाऊ नये. खालच्या बाजूला दगडी पायथा आणि निचऱ्याची चर, म्हणजे बांधातून झिरपलेले पाणी माती न ओढता शांतपणे बाहेर पडावे. आणि एका कडेला सांडवा. बांधाचा माथा सांडव्याच्या पातळीपेक्षा काही फूट उंच असतो. ती उंची शोभेसाठी नव्हे, पुराच्या पाण्यासाठी राखून ठेवलेली असते.

असे बांध बहुतेक दोन रीतींनी फुटतात. पहिली रीत, माथ्यावरून पाणी जाणे. दगडी बांधावरून पाणी ओसंडले तर तो बहुधा तग धरतो, परंतु माती बांधाच्या माथ्यावरून हातभर पाणी जरी वाहू लागले तरी ते खालचा उतार कापू लागते, आणि मग काही तासांचा, कधी काही मिनिटांचा खेळ उरतो. गुजरातेत मोरवीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले. सांडवा ज्या पुरासाठी बांधला होता, त्याहून कितीतरी मोठा पूर आला, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावावर चढले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. दुसरी रीत अधिक कपटी. तिला अभियंते ‘पायपिंग’ म्हणतात. झिरपणारे पाणी मातीचा एक एक कण सोबत नेऊ लागते, पोटात बारीक नळी तयार होते, ती रुंदावत मागे मागे सरकते आणि एक दिवस थेट पाण्याला भिडते. बाहेरून बांध धडधाकट दिसत असतो. या दोहोंच्या मधला एक प्रकार पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी अनुभवला. पानशेतचे धरण अपुरे असतानाच भरू दिले गेले, विमोचकाचे काम पुरे झालेले नव्हते, त्यावरचा भराव खचत गेला आणि खचलेल्या माथ्यावरून पाणी गेले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पुण्याला जे काही तास मिळवून दिले, त्या तासांनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही.

पानशेत, मोरवी ही मोठी नावे झाली. आपल्या विषयाच्या अगदी जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास तेथील माती धरण फुटले. भेंदवाडीची घरे वाहून गेली, वीसहून अधिक माणसे दगावली. धरणाला गळती आहे अशी ग्रामस्थांची तक्रार आधीपासून होती; पावसाळ्यापूर्वी काही डागडुजीही झाली होती. दुर्घटनेनंतर त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरले. त्या वाक्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले, खेकडे पोलीस ठाण्यात नेण्यात आले. मला त्या हशात सामील व्हावेसे वाटले नाही. खेकडा, घूस, उंदीर बांध पोखरतात हे शास्त्राला ठाऊक आहे. म्हणूनच तर बिळे शोधून बुजवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. प्रश्न खेकड्याचा नव्हताच. त्या ‘कोणाचे तरी’ या शब्दांचा होता.

तिवरे हा ‘लघु’ प्रकल्प होता. आता हा ‘लघु’ शब्द पाहा. आपल्याकडे प्रकल्प मोठा, मध्यम की लघु हे ठरते त्याच्या सिंचनक्षेत्रावरून. त्याखाली किती हेक्टर भिजते, यावर. तिवऱ्याच्या भिंतीची उंची पंचवीस मीटरहून अधिक होती, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी, आणि पोटात सुमारे २४५ कोटी लिटर पाणी. भेंदवाडीतील माणसाच्या दृष्टीने ते लघु कसे? कागदावर शेतीचा हिशोब आहे, झोपलेल्या माणसांचा नाही. अमेरिकेतील ज्या छोट्या बांधांचा मी उल्लेख केला, त्यांची वर्गवारी उलट रीतीने होते. बांध केवढा आहे हे नंतर. तो फुटला तर खाली कोण आहे, हे आधी. शेत असेल तर एक वर्ग, घरे असतील तर दुसरा. त्यांच्यापुढेही आज मोठा पेच आहे. बांध घातले तेव्हा खाली रान होते, त्यांचे आयुष्य पन्नासेक वर्षांचे धरलेले होते. ती वर्षे उलटली आणि रानाच्या जागी वस्त्या आल्या. बांध तोच, पण त्याचा धोक्याचा वर्ग बदलला. आपल्याकडे याहून वेगळे काय घडते आहे? नाल्याच्या काठाने गाव वाढते, घरकुले तेथेच, कधी शाळाही तेथेच.

कायदा आपल्याला वाचवील, या भ्रमात राहू नये. संसदेने धरण सुरक्षा कायदा केला आणि तो ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो स्वागतार्ह आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, जबाबदार अधिकारी, आपत्कालीन कृती आराखडा असे सर्व त्यात आहे. परंतु तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरच्या दरम्यान काही विशिष्ट अटी पुऱ्या करणाऱ्यांना. देशातील अशा मोठ्या धरणांपैकी सर्वाधिक, दोन हजारांहून जास्त, एकट्या महाराष्ट्रात आहेत. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना त्यांच्याकडे पाहते. आपल्या तालुक्यातील सुकी, अभोरा, मंगरूळ ही मध्यम धरणेही शासनाच्या नजरेत आहेत. आठ मीटरचा पाझर तलाव मात्र या चाळणीतून खाली पडतो. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात असे तलाव अक्षरशः गावोगाव झाले. ते ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधले, ती पिढी आता थकली किंवा गेली. त्या हातांचे ऋण आपल्यावर आहे. पण हेही सत्य आहे की भुकेल्या माणसाला काम देणे हा तेव्हाचा पहिला हेतू होता. मातीची दबाई किती झाली, ओलावा किती ठेवला, हे सर्वत्र सारख्या काटेकोरपणे पाहिले गेले असेल असे म्हणवत नाही. आज त्यांपैकी एक जिल्हा परिषदेचा, दुसरा मृद व जलसंधारण विभागाचा, तिसरा वन खात्याचा, आणि चौथा कोणाचा ते विचारायला तीन कार्यालये फिरावी लागतात.

राखणदार नसलेला बांध काय करतो, याचा अलीकडचा सर्वांत भीषण पुरावा लिबियातील दर्ना शहराने दिला. शहराच्या वरच्या दरीत १९७० च्या दशकात दोन भराव-धरणे बांधली गेली, आणि ती पाण्यासाठी नव्हे, पुरापासून संरक्षण म्हणूनच होती. देशात यादवी माजली, निगा राहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पाऊस झाला, वरचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे फुटले, आणि हजारो लोक समुद्रात ओढले गेले. एकाच नाल्यावर एकाखाली एक बांध असतील तर वरचा खालच्याला घेऊन जातो, हे आपणही ध्यानात ठेवले पाहिजे. साखळी बंधाऱ्यांची आपल्याकडे हौस आहे.

मंडळी, आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा पाहिला? गिरनारच्या पायथ्याशी जुनागढला एका शिळेवर तीन राजवटींचे लेख आहेत. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात तेथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला. इ. स. १५० मध्ये महाक्षत्रप रुद्रदामनाने कोरविलेला संस्कृत लेख सांगतो, की प्रचंड वादळी पावसात सुवर्णसिकता, पलाशिनी या नद्यांना पूर आला, बांध फुटला, ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पडले. मंत्र्यांनी दुरुस्तीला नकार दिला, प्रजा हवालदिल झाली, तेव्हा राजाने प्रजेवर कर वा वेठबिगार न लादता, स्वतःच्या कोशातून, सुविशाख नावाच्या अमात्याकरवी पूर्वीपेक्षा तिप्पट भक्कम बांध घातला. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात तो पुन्हा फुटला, पुन्हा बांधला गेला, आणि तेही त्याच शिळेवर कोरले गेले. राजाने आपल्या राज्यातील धरण फुटल्याची नोंद मापांसह दगडावर कोरावी, ही गोष्ट मला त्याच्या दिग्विजयाच्या वर्णनापेक्षा मोठी वाटते. आज फुटलेल्या पाझर तलावाचा चौकशी अहवाल गावाला वाचायला मिळतो का?

कौटिल्याचे अर्थशास्त्र आणखी पुढे जाते. पाणी असलेला बांध फोडणाऱ्याला तेथेच बुडवावे, असा दंड त्यात आहे. आपण तो शब्दशः घेऊ नये! पण त्याच ग्रंथातील दुसरा नियम आजही विचार करण्याजोगा आहे. पाण्याचे बांधकाम पाच वर्षे कोणी वापरले-राखले नाही, तर आपत्तीचा काळ वगळता त्यावरील मालकी संपते. मालकी म्हणजे राखण, असे ते समीकरण आहे. आपल्या खानदेशात हे ग्रंथात राहिले नव्हते. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत शेकडो वर्षे चालली ती पाटकरी आणि जागल्या यांच्या जोरावर. पाट साफ करायला कोणी कधी यायचे, पुरात कोणी जागायचे, त्याचा मोबदला किती, हे सर्व ठरलेले असे. तेथील बंधारे दगडी आहेत आणि आपले बांध मातीचे, हे खरे. पण जागल्या दोन्हींना लागतो.

तो जागल्या आपण पुन्हा नेमू शकतो, आणि त्याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या असतात, घरात सणाची गडबड असते. तरी त्याच आठवड्यात गावातील चार तरुणांनी बांधावर एक फेरी मारावी. दुसरी फेरी पोळ्याच्या सुमारास, तलाव भरलेला असताना. पहिल्या फेरीत सांडवा पाहायचा. त्यात झुडपे, गाळ, दगड साचले असतील तर मोकळा करायचा. काही ठिकाणी जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर मातीची पोती किंवा फळ्या टाकून त्याची उंची वाढवतात. यासारखे आत्मघातकी शहाणपण दुसरे नाही. पुरासाठी राखलेली ती चार फूट जागा आपण आपल्या हाताने बुजवतो. बांधावर उगवलेली बाभूळ, निंब लहान असतानाच काढावी. मोठे झाड मात्र कोणालाही न विचारता मुळासकट उपटू नये, कारण त्या जागी राहिलेली पोकळी झाडापेक्षा घातक. बिळे दिसली की चिकण माती ठासून बुजवावीत आणि वहीत लिहावीत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून पुष्कळ तलाव मोकळे झाले, चांगलेच झाले. पण यंत्र चालवणाऱ्याला बांधाच्या पायथ्याला हात लावू देऊ नये. तेथे गाळ नसतो, बांधाचा पाय असतो.

दुसऱ्या फेरीत पाझर पाहायचा. पाझर असणे हा रोग नव्हे. प्रत्येक माती बांध झिरपतो. काचेच्या पेल्यात ते पाणी धरावे. नितळ असेल तर निश्चिंत राहावे. गढूळ असेल, किंवा तलावाची पातळी वाढली नसताना पाझर वाढला असेल, तर बांधाच्या पोटातील माती बाहेर येते आहे, आणि मग तालुक्याला कळवायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग, कुठे खळगा, खालच्या उतारावर फुगवटा किंवा दलदल, ही सारी अशीच लक्षणे. पेला आणि वही, एवढीच सामग्री. वहीत तारीख, पातळी, पाझराचा रंग. ती वही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे आणि तिची प्रत पावती घेऊन कार्यालयात गेली पाहिजे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आवक क्रमांक असलेला कागद सहसा जात नाही.

बांधाचे अर्धे रक्षण बांधापासून दूर, डोंगरावर होते, हेही सांगितले पाहिजे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले, डोंगरावर चर खोदले. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. झाडाखालची जमीन पाणी धरते, नाल्याला येणारा लोंढा हळू येतो आणि सोबत गाळ कमी आणतो. शिरपूर तालुक्यात २००४ नंतर सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करण्याचे जे काम झाले, त्याकडे मी सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पाहतो. जमिनीच्या पातळीखाली साठवलेले पाणी फुटून गावावर येत नाही. जेथे खाली दाट वस्ती आहे, तेथे नवा उंच बांध मागण्यापूर्वी हा पर्याय तपासावा.

आणि सर्व करूनही बांध दगा देऊ लागला तर? सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरचे माती धरण बांधून पुरे झालेले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये ते भरले आणि भिंतीतून गळती सुरू झाली. खालची अठरा गावे रिकामी केली गेली, लष्कर बोलावले गेले आणि कडेने चर खोदून पाणी काढून दिले गेले. भरावाचा काही भाग त्यात वाहून गेला, शेतांचे नुकसान झाले, पण माणसे वाचली. बांधकामाच्या दर्जावर तेथे जेवढी टीका व्हायची ती झाली आणि योग्यच झाली. मी त्यातून घेतो ते एवढेच, की गळती दिसल्याबरोबर माणसे हलवली गेली. आपल्या गावात अशी वेळ आली, तर रात्री बाराला घंटा कोण वाजवणार? देवळाचा भोंगा वीज गेल्यावर चालतो का? म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना कोणत्या उंचवट्यावर न्यायचे? नाला ओलांडून जावे लागणारी शाळा हे आश्रयस्थान होऊ शकत नाही, हे तरी आपण ठरवले आहे का?

भाषण आवरते घेण्यापूर्वी, एका शेतकरी बांधवाने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, तिचे उत्तर देतो. ते विचारतात, सांडव्याच्या खालच्या चरीत दोन शेतकऱ्यांची केळी उभी आहे, घडे निसवायला आली आहेत, ती काढा असे सांगायचे कोणी? प्रश्न कठीण आहे, कारण ती दोन्ही घरे आपल्याच गावातली, रोज रामराम घालणारी. माझे म्हणणे असे. या वर्षीचे पीक निघेपर्यंत चरीच्या मध्यातून सांडव्याच्या पुऱ्या रुंदीएवढी वाट पावसाळ्यापूर्वी मोकळी करून घ्यावी. त्यात जेवढे खोड जाईल त्याची भरपाई गावाने वर्गणीतून द्यावी. तलावाचे पाणी ज्यांच्या ज्यांच्या विहिरीला येते, त्या सर्वांनी. पुढच्या हंगामात तेथे लागवड नको, हा ठराव ग्रामसभेत त्या दोघांच्या उपस्थितीत, त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोलून, मग करावा. आणि सांगायला तलाठी किंवा ग्रामसेवक पाठवू नये. गावातील ज्या वडीलधाऱ्याने १९७२ साली त्या बांधावर माती टाकली असेल, तो आज हयात असेल, तर त्याला सोबत न्यावे.